मागेन अबोथ सिनॅगॉग, अलिबाग

मागेन अबोथ सिनॅगॉग : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील अलिबाग येथील बेने इस्राएल ज्यूंचे प्रार्थनामंदिर. शहरातील इस्राएल आळीत असलेल्या या सिनॅगॉगची स्थापना १८४८ मध्ये झाली व १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी करण्यात आली. ‘मागेन अबोथ’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा आहे. शुक्रवारी सूर्यास्तानंतर साबाथ सुरू होतो. त्या वेळच्या प्रार्थनेतील एका भागाचा आरंभ याच शब्दांनी होतो. कोकणातील ज्यू वसाहत परंपरेने अतिप्राचीन मानली जाते. तिच्या मानाने हे मंदिर अगदी अलीकडचे आहे. इतकी शतके हा समाज मंदिरावाचून कसा टिकला, मग त्याने मंदिर का बांधले आणि बांधल्यावर अवघ्या शतकभरात बहुतेकांनी गाव का सोडले, या प्रश्नांमुळे या छोट्या वास्तूच्या इतिहासास स्थानिक इतिहासापलीकडचे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि उरलेल्यांची प्रेते अलिबागच्या उत्तरेस असलेल्या नवगाव येथे पुरण्यात आली, असे सांगतात. तेथील जुने दफनस्थान समाजात पवित्र मानले जाते. ही घटना इ. स. पू. दुसऱ्या शतकात घडली, असे परंपरा मानते. मक्काबींच्या विजयाची आठवण देणारा हनुक्का हा सण या समाजास पूर्वी ठाऊक नव्हता. त्यावरून त्या विजयापूर्वीच पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असा युक्तिवाद केला जातो. आगमनाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात मध्यपूर्वेकडील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशपरंपरांचा संकर आढळून आला.

किनाऱ्यावर स्थिरावलेल्या या लोकांनी तेलाच्या घाण्याचा व्यवसाय पतकरला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत ‘शनिवार तेली’ हे नाव त्यांना पडले. सोमवारी घाण्याला विश्रांती देणारे ते ‘सोमवार तेली’, अशी त्यांच्या जोडीची दुसरी जात होती. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. वस्तीच्या गावांवरून केहिमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, झिराडकर, अष्टमकर अशी आडनावे रूढ झाली. या आडनावांवरून रायगड जिल्ह्याचा नकाशा जवळजवळ पुन्हा रेखाटता येईल, इतका हा समाज गावोगाव विखुरलेला होता. एका गावी दोनचार घरे असावीत, अशीच बहुधा स्थिती असे.

मंदिराविना धर्म : या विखुरलेल्या वस्तीत सिनॅगॉग नव्हते, धर्मग्रंथ नव्हते आणि हिब्रू जाणणारा उपाध्यायही नव्हता. शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, विशिष्ट मांसाचा व खवले नसलेल्या माशांचा निषेध आणि ‘शेमा’ या एकेश्वरवादी प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, एवढाच ठेवा पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. प्रत्येक शुभ व अशुभ प्रसंगी हेच शब्द म्हटले जात. सणांची हिब्रू नावे विस्मृतीत गेली होती. त्यांच्या जागी मराठी नावे आली. नववर्षाच्या सणास ‘नव्याचा सण’ म्हणत. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या उपवासाने पाळावयाचा, त्यास ‘बिरड्याचा रोजा’ हे नाव होते. प्रायश्चित्ताचा जो महान दिवस, तो ‘दारफळणीचा सण’ झाला. त्या दिवशी स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, उपवास धरून माणसे घराची दारे लावून आत बसत व बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ देत नसत. दुसरा दिवस ‘शिळा सण’; त्या दिवशी दानधर्म व परस्परांच्या भेटी होत. ज्यू वर्षातील सर्वांत पवित्र दिवस बंद दारांआड, घरातल्या घरात पाळला जात होता, ही गोष्ट लक्षात घेतल्यावाचून पुढे उभ्या राहिलेल्या सार्वजनिक मंदिराचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

कोकणी धर्मजीवनात एलियाहू हन्नाबी या प्रेषितास विशेष स्थान मिळाले. नवस फेडताना, लग्नकार्याच्या वेळी किंवा संकटातून सुटका झाल्यावर पोहे, ओले खोबरे, गोड व फळे यांचा ‘मलिदा’ करून त्याचे स्मरण करतात. अलिबागजवळील खंडाळे येथे खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा असून ते स्थान ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणून प्रसिद्ध आहे. या विधींना मंदिराची गरज नव्हती. घरचा ओटा आणि गावाबाहेरचा खडक एवढ्यावर त्यांचे भागत असे.

पुनरुज्जीवन : या समाजाचा इतर ज्यूंशी पुन्हा संबंध जोडण्याचे श्रेय परंपरेने दाऊद राहबी या व्यक्तीस दिले जाते. स्त्रियांना वेगवेगळे मासे शिजवावयास देऊन, खवले नसलेले मासे त्यांनी बाजूस काढले तेव्हा ही माणसे ज्यू असल्याची त्याने खात्री करून घेतली, अशी आख्यायिका आहे. त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत. त्याने धर्मशिक्षण देऊन तयार केलेल्यांच्या घराण्यांना ‘काजी’ म्हणत व ते गावोगाव हिंडून धर्मविधी चालवीत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या ज्यूंकडून प्रार्थनापद्धती व शिक्षक आले. त्यांमध्ये शेलोमो सालेम शुर्राबी यांचे कार्य विशेष उल्लेखनीय मानले जाते. बेने इस्राएलांची प्रार्थनापद्धती सेफार्दी वळणाची आहे, ती या संबंधांमुळेच.

समाजाचे पहिले सिनॅगॉग मात्र कोकणात न होता मुंबईत झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील देशी अधिकारी सॅम्युएल एझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांचा नवस होता, असे सांगतात. त्यानुसार १७९६ मध्ये त्यांनी ‘शाआर हाराहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे सिनॅगॉग उभारले. १८४० मध्ये मुंबईतच दुसरे सिनॅगॉग निघाल्यावर पहिल्यास ‘जुनी मशीद’ व दुसऱ्यास ‘नवी मशीद’ म्हणू लागले. सिनॅगॉगला ‘मशीद’ म्हणण्याची बेने इस्राएलांची ही जुनी रीत होती. परिचित शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळाचे नाव सहजपणे आपल्या मंदिरास देणाऱ्या या समाजाच्या सामाजिक संबंधांवर त्यावरून प्रकाश पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचाही अप्रत्यक्ष परिणाम झाला. त्यांनी काढलेल्या शाळांत बेने इस्राएल मुलांना शिक्षण मिळू लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. बायबलची मराठी भाषांतरे हाती आल्याने पूर्वजांच्या कथा या समाजास प्रथमच आपल्या भाषेत वाचता आल्या. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांपैकी अगदी थोड्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाकीच्यांनी हे नवे ज्ञान स्वधर्माच्या उजळणीसाठी वापरले. १८४६ मध्ये मुंबईस मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यास छापलेल्या सचित्र हग्गादामधील स्त्रिया तर लुगडे नेसलेल्या दिसतात. अलिबागचे सिनॅगॉग या दोन प्रकाशनांच्या दरम्यानच्या काळातले आहे.

स्थापना : कुलाब्याच्या आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा होऊन अलिबाग ब्रिटिश अमलाखाली आले. बेने इस्राएलांपैकी काहींनी पूर्वी आंग्र्यांच्या आरमारातही चाकरी केली होती. चुरीकर घराण्याचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. ‘अलिबाग’ हे नाव ज्या धनिक अलीच्या बागांवरून पडले, तो मुसलमान होता असे सामान्यतः मानतात. एका परंपरेनुसार मात्र तो ‘एली’ नावाचा बेने इस्राएल होता. नव्या राजवटीत गावास कचेऱ्यांचे ठिकाण म्हणून महत्त्व आले व १८६९ मध्ये स्वतंत्र कुलाबा जिल्हा झाल्यावर ते जिल्ह्याचे मुख्य ठाणे बनले.

याच सुमारास समाजाच्या अर्थव्यवस्थेत मोठा बदल घडून आला. कंपनीच्या मुंबई सैन्यात अनेक बेने इस्राएल भरती झाले होते व त्यांतील कित्येक देशी अधिकाऱ्यांच्या वरिष्ठ पदापर्यंत चढले. निवृत्त होऊन परतलेल्या या मंडळींजवळ निवृत्तिवेतनाची नियमित प्राप्ती होती. शिवाय पलटणींबरोबर हिंडताना त्यांनी मुंबईसारख्या शहरांतील समाजजीवन पाहिले होते. घाण्याच्या उत्पन्नातून जे शक्य झाले नसते, ते नोकरीच्या पैशातून शक्य झाले. कोकणातील सिनॅगॉगांच्या स्थापनेची वर्षे या दृष्टीने बोलकी आहेत : रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९ व पेण १८६३. शतकानुशतके एकही सिनॅगॉग नसलेल्या प्रदेशात अवघ्या वीस-बावीस वर्षांत निदान चार मंदिरे उभी राहिली. पुण्याचे ‘ओहेल डेव्हिड’ (१८६७) ससून घराण्याच्या व्यापारी संपत्तीतून झाले. कोकणातील सिनॅगॉगांमागे असा एखादा धनकुबेर नव्हता. वर्गणी, नवस आणि तोरावाचनाचा किंवा पेटिकेचे दार उघडण्याचा मान घेताना बोललेल्या देणग्या, हेच अशा मंदिरांचे मुख्य उत्पन्न असे.

वास्तू व विधी : सिनॅगॉगमध्ये मूर्ती किंवा चित्र नसते. मांडणीचे केंद्र असतो तो ‘हेखाल’ म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची पवित्र पेटिका. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या या गुंडाळ्यांस ‘सेफेर तोरा’ म्हणतात. प्रार्थना जेरूसलेमकडे तोंड करून करावयाची असल्याने यूरोपातील सिनॅगॉगांत हेखाल सामान्यतः पूर्वेस असतो. कोकणातून जेरूसलेम पश्चिमेकडे येते. म्हणून येथे तो पश्चिमेच्या भिंतीत, समुद्राच्या बाजूस असतो. त्याच्यासमोर अखंड तेवणारा दिवा टांगलेला असतो. सभागृहाच्या मध्यभागी कठडा असलेला ‘तेबा’ हा उंचवटा असून त्यावर उभे राहून हझ्झान (प्रार्थना चालविणारा) तोरा वाचतो. एलियाहू हन्नाबीसाठी राखून ठेवलेली खुर्ची हे बेने इस्राएलांच्या सिनॅगॉगांचे वैशिष्ट्य असून सुंतेचा विधी तिच्याजवळ होतो. स्त्रियांची बसण्याची जागा निराळी, बहुधा सज्जात असते. दाराच्या चौकटीवर धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राची ‘मेझुझा’ बसवितात व आत येताना तिला हात लावून तो ओठांशी नेतात. चपला बाहेर काढून आत येण्याची भारतीय रीतही येथील ज्यूंनी पाळली.

सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. या गणसंख्येस ‘मिन्यान’ म्हणतात. दहा माणसे नसली, तर तोराचे सामुदायिक वाचन होत नाही आणि मृतांसाठी म्हणावयाची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. आसपासच्या खेड्यांत विखुरलेल्या कुटुंबांना ही संख्या आपापल्या गावी जमविणे अवघड होते. सण आला म्हणजे किहीम, झिराड, नवगाव अशा गावांतील मंडळींनी अलिबागेस एकत्र यावे, हे साहजिक होते. अशा रीतीने गावोगावच्या घरांना जोडणारा एक मध्य निर्माण झाला. दारे लावून पाळावयाचा दारफळणीचा सण आता उघड्या दारांच्या सभागृहात, दिवसभराच्या सामुदायिक प्रार्थनेने पाळला जाऊ लागला.

मंदिराबरोबर समाजसंघटनाही नव्या रूपात आली. जातपंचायतीच्या धर्तीवर मुकादम, चौघुले, काजी व हिशेब पाहणारा गबई असे अधिकारी असत. तंटे-बखेडे व धर्मविषयक प्रश्न त्यांच्यापुढे येत. मंदिराची व्यवस्था हीच पुढे समाजाच्या कारभाराचे केंद्र बनली. समाजातील ‘गोरे’ व ‘काळे’ हा भेदही या काळात होता. ज्यांच्या पूर्वजांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले असे मानले जाई, त्या काळ्या इस्राएलांशी गोरे इस्राएल बेटीव्यवहार करीत नसत आणि सिनॅगॉगांमधील मानपानातही हा भेद डोकावे. विसाव्या शतकात तो क्षीण होत गेला.

पुनर्बांधणी : १९१० मध्ये सिनॅगॉगची वास्तू नव्याने बांधण्यात आली. तोवर समाजाचे स्वरूप बरेच पालटले होते. लष्करातील भरतीचे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटत गेले. त्याऐवजी सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपाल, रुग्णालये व शाळा यांतील नोकऱ्यांकडे तरुण वळले आणि त्यासाठी त्यांना मुंबई, ठाणे, पुणे, अहमदाबाद, कराची अशा शहरांत जावे लागले. हाईम सॅम्युएल केहिमकर आदींच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईस बेने इस्राएलांची शाळा निघाली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास आब्राहाम, योसेफ, मोझेस यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हरिकीर्तनाचा साज जसाच्या तसा ठेवून त्यात बायबलमधील आख्याने लावली जात. केहिमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल आवीव्ह येथे प्रसिद्ध झाला. अलिबागची पुनर्बांधणी या जागृतीच्या काळातील होय. मूळ गावाशी असलेला संबंध वास्तूच्या रूपाने टिकवून धरण्याचे महत्त्व याच काळात वाढले. कारण गावात राहणाऱ्यांची संख्या एकीकडे कमी होऊ लागली होती.

स्थलांतर : १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली. त्या वेळी बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. भारतात त्यांचा धार्मिक छळ कधीच झाला नव्हता. तरीही १९४९ पासून स्थलांतर सुरू झाले आणि १९५० व १९६० या दशकांत ते वाढत गेले. धार्मिक ओढ, ब्रिटिश राजवटीबरोबर संपलेली नोकऱ्यांची शाश्वती, मुलांच्या विवाहाचा प्रश्न आणि आधी गेलेल्या नातलगांची बोलावणी अशी अनेक कारणे त्यामागे होती. भारतातील सर्व ज्यूंची संख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे २६ हजार होती. १९६१ मध्ये ती १८ हजारांच्या आसपास आली व १९७१ मध्ये सहा हजारांच्याही खाली उतरली. २०११ मध्ये ती साडेचार हजारांच्या आसपास असून त्यांतील निम्म्याहून अधिक लोक महाराष्ट्रात होते.

जे गेले त्यांना तेथेही आपले ज्यूपण सिद्ध करण्याची वेळ आली. १९६० च्या सुमारास इस्राएलमधील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांबाबत पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. मधल्या शतकांत विवाह व घटस्फोट ज्यू धर्मशास्त्रानुसार झाले होते किंवा कसे, असा आक्षेप होता. सिनॅगॉग व धर्मपंडित यांवाचून केवळ आठवणीच्या बळावर ज्यांनी धर्म राखला, त्यांच्या त्या काळालाच आव्हान देण्यात आले. मोठ्या निदर्शनांनंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून त्यांचे हक्क इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असे घोषित केले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला इ. ठिकाणी वसलेल्या या समाजाने मराठी भाषा व मलिदा हे दोन्ही तेथे नेले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही त्याने तेथून चालविले.

सद्यःस्थिती : अलिबाग व परिसरात आता मोजकीच बेने इस्राएल कुटुंबे उरली आहेत. इस्राएल आळी हे नाव मात्र टिकून आहे. सणासुदीस मुंबई-ठाण्याकडील मंडळी आणि इस्राएलमधून पूर्वजांच्या गावाच्या शोधात येणारे त्यांचे वंशज नवगावचे दफनस्थान, खंडाळ्याचा टापा व अलिबागचे सिनॅगॉग या तिन्ही ठिकाणी जातात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. त्यामुळे विवाहनोंदणी, शिक्षणसंस्था व वारसा यांच्या संदर्भात या समाजाच्या अस्तित्वाची स्वतंत्र नोंद होऊ लागली.

अशा वास्तूंच्या रक्षणाचा प्रश्न केवळ दगडचुन्याच्या डागडुजीचा नाही. ऐतिहासिक इमारत म्हणून सिनॅगॉगची जपणूक शासन किंवा वारसाप्रेमी संस्था करू शकतील. पण दहा माणसांवाचून ते प्रार्थनामंदिर म्हणून चालू शकत नाही. केरळमधील काही जुनी सिनॅगॉग संग्रहालये झाली, तेव्हा त्यांची भिंत, छत व कोरीवकाम वाचले. प्रार्थना मात्र थांबली. अलिबागच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. ज्या नव्या संबंधांमुळे कोकणातील बेने इस्राएलांना हिब्रू ग्रंथ, प्रार्थना व मंदिर लाभले, त्यांमुळेच आपण एका दूरच्या भूमीचे वारस आहोत, ही जाणीवही त्यांच्यात बळावली व अखेर ती त्यांना तेथे घेऊन गेली. मंदिर नसताना हा समाज कोकणात शतकानुशतके राहिला. मंदिर झाल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्यातील बहुतेकांनी गाव सोडले. राहिलेल्या थोड्यांच्या दृष्टीने आता घरचा मलिदा व ओठांवरचा ‘शेमा’ हाच पुन्हा धर्माचा मुख्य आधार ठरत आहे आणि पश्चिमेच्या भिंतीतील हेखाल ही समाजाच्या एका मध्यंतरीच्या, पण अत्यंत निर्णायक शतकाची साक्ष होय.